जॉर्ज टाउन की फुकेत टाउन: सण पाहायला कोणत्या बेटावर जावे?

आग्नेय आशियातल्या एखाद्या बेटावरच्या जुन्या गावात, तिथला सण चालू असताना चार-पाच दिवस राहावे असे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे फिरून फिरून दोन नावे येतात. एक म्हणजे मलेशियातल्या पेनांग बेटावरचे जॉर्ज टाउन आणि दुसरे थायलंडमधल्या फुकेत बेटावरचे जुने शहर, ज्याला प्रवासी फुकेत टाउन म्हणतात. मी दोन्हीकडे सणाच्या दिवसांत राहिलो आहे आणि दोन्ही गावे मला मनापासून आवडली आहेत. पुन्हा जायचे झाले तर कुठे जाईन हे माझ्यापुरते ठरलेले आहे. ते सांगताना दुसऱ्या गावावर अन्याय होऊ नये एवढी काळजी घेण्याचा प्रयत्न करतो. विमाने, व्हिसा आणि हॉटेलांचे दर वाचकाने आधीच पाहिले असतील असे धरून चाललो आहे.

ही दोन गावे एकमेकांची नात्यातली आहेत, आणि म्हणूनच निवड अवघड होते. दोन्हीकडची चिनी वस्ती मुख्यतः फुजियान प्रांतातून आलेल्या होक्किएन लोकांची आहे. फुकेत कथलाच्या खाणींवर वाढले आणि त्या व्यापाराचे धागे पेनांगच्या पेढ्यांशी जोडलेले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी फुकेत प्रांताचा कारभार पाहणारा खॉ सिम बी हा चिनी घराण्यातला होता आणि त्याच्या वडिलांनी चीनमधून आल्यावर पहिला मुक्काम पेनांगलाच केला होता. त्यामुळे खाली दुकान, वर घर आणि दुकानापुढे कमानींची पडवी अशी अरुंद, खोल घरे दोन्हीकडे सारखीच दिसतात, आणि चिनी व स्थानिक रीतींच्या मिश्रणातून तयार झालेली बाबा-न्योन्या संस्कृतीही दोन्हीकडे नांदते. एखाद्याला डोळे बांधून फुकेतच्या थलांग रस्त्यावर नेऊन सोडले, तर पाट्यांवरची लिपी वाचेपर्यंत आपण पेनांगमध्ये नाही हे त्याला कळणार नाही.

सणांचा हिशेब मात्र अगदी वेगळा आहे. फुकेत टाउनचा खरा सण एकच, पण तो अख्ख्या गावाला व्यापून टाकतो. नऊ सम्राट देवांचा हा उत्सव चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून नवमीपर्यंत चालतो आणि प्रवाशांमध्ये तो व्हेजिटेरियन फेस्टिव्हल या नावाने प्रसिद्ध आहे. १८२५ च्या सुमारास काथू या खाणवस्तीत खेळ करायला आलेली एक चिनी नाटक मंडळी तापाने आजारी पडली, त्यांनी मांसाहार सोडून या देवांची आराधना केली आणि मंडळी बरी झाली, अशी त्याची मूळकथा सांगतात. उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येक मठासमोर ‘को तेंग’ नावाचा उंच खांब उभा करतात. त्यावर नऊ दिवे चढले की देव आले असे मानले जाते. पुढचे नऊ दिवस गाव पांढऱ्या कपड्यांत वावरते, खाण्याच्या दुकानांवर पिवळी निशाणे लागतात आणि रोज सकाळी एकेका मठाची मिरवणूक निघते. जुई तुई आणि बांग निआव या दोन मठांच्या मिरवणुका मोठ्या असतात. ज्यांच्या अंगात देव येतो त्या ‘मा सोंग’ मंडळींच्या गालांतून सळया, तलवारी आणि कधी कधी आपल्या कल्पनेतही येणार नाहीत अशा वस्तू आरपार गेलेल्या असतात. देवांच्या पालख्यांवर दोन्ही बाजूंनी फटाक्यांच्या माळा सोडल्या जातात आणि रस्ता काही काळ धुरात दिसेनासा होतो. लहान मुलांना हे दाखवावे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे; मी दाखवणार नाही.

मराठी घराला या उत्सवाची एक अडचण येते, आणि ती फारशी कोणी सांगत नाही. आपले पंचांग आणि चिनी पंचांग दोन्ही अमावस्येपासून महिना मोजतात, त्यामुळे हा उत्सव बहुतेक वर्षी आपल्या शारदीय नवरात्राबरोबर, फार तर एखाद्या दिवसाच्या फरकाने येतो. २०२३ आणि २०२४ मध्ये तसेच झाले. ज्यांच्या घरी घट बसतात त्यांनी नऊ दिवस घर सोडून जायचे म्हणजे आधी घरात तह करावा लागतो. अधिक महिना दोन्ही पंचांगांत कधी कधी वेगवेगळ्या वर्षी येतो, म्हणून क्वचित दोघांत महिन्याचे अंतर पडते. २०२५ मध्ये चिनी पंचांगात अधिक महिना होता आणि आपल्यात नव्हता. त्यामुळे आपली घटस्थापना २२ सप्टेंबरला झाली आणि फुकेतचा उत्सव २१ ऑक्टोबरला, म्हणजे थेट लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुरू झाला. अडचण टळली नाही, नुसती नवरात्रातून दिवाळीत गेली.

जॉर्ज टाउनला असा एकच मोठा सण नाही. तिथे सणांची रांग आहे, आणि वर्षातला कोणताही महिना घेतला तरी गावाच्या कुठल्यातरी गल्लीत काहीतरी चाललेले असते. फ्रान्सिस लाइटने १७८६ मध्ये वसवलेल्या या बंदरात चिनी, तमिळ, मलय, अरब, ब्रह्मी, आर्मेनियन असे नाना लोक येऊन राहिले, आणि प्रत्येकाने आपले देव व आपली पंचांगे बरोबर आणली. मस्जिद कपितान केलिंग नावाच्या रस्त्यावर आणि त्याच्या लगतच्या गल्ल्यांत १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च, दयेच्या देवीचे चिनी देऊळ, महामारिअम्मनचे तमिळ देऊळ आणि कपितान केलिंग मशीद ही सगळी काही मिनिटांच्या चालीवर आहेत. ही गोष्ट माहितीपत्रकात वाचताना गुळमट वाटते. प्रत्यक्षात शुक्रवारच्या नमाजाची गर्दी ओसरत असताना पलीकडे चिनी देवळातल्या हातभर जाड उदबत्त्यांचा धूर रस्त्यावर येत असतो आणि फूलवाला दोन्हीकडच्या गर्दीतून आपली सायकल काढत असतो, तेव्हा तिचा अर्थ कळतो.

एकाच मुक्कामात जास्तीत जास्त पाहायचे असेल तर जॉर्ज टाउनला चिनी नववर्षाचा पंधरवडा गाठावा. नवव्या दिवशी जेड सम्राटाचा, म्हणजे चिनी लोकांच्या स्वर्गाच्या राजाचा, जन्मदिवस असतो. होक्किएन लोकांचे पूर्वज एकदा शत्रूपासून उसाच्या फडात लपून वाचले अशी श्रद्धा आहे, म्हणून आठव्या रात्री बाराच्या सुमारास च्यू घराण्याच्या धक्क्यावर, म्हणजे समुद्रात खांबांवर उभ्या असलेल्या त्या लाकडी वस्तीच्या तोंडाशी, नैवेद्याच्या टेबलांची लांबच लांब रांग लागते आणि टेबलांना उभे ऊस बांधलेले असतात. मध्यरात्रीनंतर कागदी सोन्याच्या राशींबरोबर ते ऊसही जळतात. पंधराव्या रात्री, पौर्णिमेला, एस्प्लनेडच्या कठड्यावरून मुली चांगला नवरा मिळावा म्हणून समुद्रात संत्री फेकतात. आता हा प्रकार बराचसा हौसेचा झाला आहे, पण त्यात मजा आहे.

याच सुमारास तमिळ लोकांचे थाईपुसम, म्हणजे मुरुगनचा (आपल्या कार्तिकेयाचा) सण, येते. तेही पौर्णिमेच्या आगेमागे असल्यामुळे, चिनी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात आले की ते बहुधा या पंधरवड्याच्या शेवटाशी जुळते. २०२३ मध्ये थाईपुसम आणि पंधरावी रात्र एकाच दिवशी, ५ फेब्रुवारीला होती. २०२५ मध्ये ती लागोपाठच्या दिवशी आली. नववर्ष फेब्रुवारीत गेले, जसे २०२४ आणि २०२६ मध्ये गेले, तर थाईपुसम आधीच उरकलेले असते. तारीख ठरवताना मी आता सर्वांत आधी हेच पाहतो, आणि दुसऱ्यांनाही हेच सुचवतो.

थाईपुसमच्या आदल्या दिवशी पहाटे मुरुगनचा चांदीचा रथ लिटल इंडियातून निघतो आणि वॉटरफॉल रस्त्यावरच्या चेट्टियारांच्या देवळापर्यंत जायला त्याला रात्र होते, कारण वाटेत घरोघरची ताटे घ्यायची असतात आणि रथापुढे नारळांचे ढीगच्या ढीग फोडायचे असतात. नारळ फोडणाऱ्यांत चिनी व्यापारी तमिळ भक्तांइतक्याच उत्साहाने असतात. २०१७ पासून टेकडीवरच्या देवळाचा सोन्याचा रथही निघतो. दुसऱ्या दिवशी कावडी घेतलेले लोक त्या टेकडीच्या पाचशेहून अधिक पायऱ्या चढतात. इथेही गालांतून ‘वेल’ म्हणजे मुरुगनचा छोटा भाला टोचलेले आणि पाठीत गळ अडकवलेले भक्त असतात, पण फुकेतच्या मानाने हे दृश्य मला पाहवले. फुकेतला अंगात आलेला माणूस समोरून जातो आणि आपण कडेला हात जोडून उभे राहतो. इथे नवस फेडणारा माणूस आपल्या घरच्यांबरोबर चालत असतो, त्याचा भाऊ त्याला पाणी पाजत असतो, आई मागून गाणे म्हणत असते, आणि आपणही त्यांच्याबरोबर दोन मैल चाललो तर कोणी अडवत नाही. वाटेवर दोन्ही बाजूंना ‘तन्नीर पंदल’ लागलेले असतात आणि तिथे पाणी, ताक, भात फुकट मिळतो. ज्याने पंढरीच्या वाटेवर कधी एखादी मजल केली आहे त्याला तिथे परके वाटणार नाही.

आता ज्या गोष्टीने माझा कौल ठरवला तिच्याकडे येतो. ती सणाशी संबंधित नाही, आणि वाचणाऱ्याला कदाचित क्षुल्लक वाटेल. ती म्हणजे रात्री मुक्कामाच्या जागी परत कसे जायचे.

फुकेतला जाणारा माणूस, विशेषतः कुटुंब बरोबर असेल तर, मुक्काम किनाऱ्यावर करतो, कारण त्या बेटाचे किनारे खरोखरच सुंदर आहेत आणि ते सोडून गावात खोली घेणे घरच्यांना पटत नाही. गाव मात्र बेटाच्या दुसऱ्या बाजूला आहे. पातोंग, करोन, काता हे किनारे पश्चिमेला, गाव आग्नेयेला, आणि मध्ये टेकड्या. रानोंग रस्त्यावरच्या मंडईपासून किनाऱ्यांकडे निळ्या सोंगथेव गाड्या जातात. त्यांचे भाडे माणशी पन्नास बाथच्या आसपास असते आणि त्यांतून जाणे मला फार आवडले. पण त्या संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास बंद होतात. उत्सवातल्या मुख्य गोष्टी नेमक्या त्या वेळेच्या बाहेर घडतात. मिरवणुका सकाळी सातच्या आसपास मठातून निघतात, म्हणजे काताहून पहाटेच निघावे लागते. निखाऱ्यांवरून चालणे आणि धारदार पात्यांच्या शिडीवर चढणे हे विधी रात्री होतात. शेवटच्या रात्री सपान हिन या समुद्रालगतच्या मोकळ्या जागेवर देवांना निरोप देतात आणि ते आटोपेपर्यंत मध्यरात्र उलटते. त्या वेळी रस्ते बंद असतात, ॲपवर मागवलेली गाडी येत नाही किंवा आली तरी गर्दीच्या पलीकडे उभी राहते, आणि मग उरतो टुकटुकवाला. तो चारशे म्हणतो, पाचशे म्हणतो, गर्दी पाहून त्याच्याही वर जातो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा, कारण वर्षातल्या नऊ रात्री त्याच्याही आहेत.

मी घासाघीस करणाऱ्यांतला नाही. मला ते जमत नाही आणि जमले तरी त्यानंतर अर्धा तास मन आंबट राहते. पैशांचा आकडा सहन करता येतो. त्रास याचा होतो की प्रत्येक विधी पाहताना मनाच्या एका कोपऱ्यात परतीचा विचार चालू राहतो. निखाऱ्यांवरून माणसे चालत आहेत, ढोल वाजत आहेत, आणि आपण घड्याळ पाहून हिशेब करत आहोत की आता निघालो तर गाडी मिळेल, हे संपेपर्यंत थांबलो तर मिळणार नाही. दुसऱ्या कोणाला हे इतके बोचणार नाही, हे मी मान्य करतो. बरोबर तरुण मंडळी असतील, स्कूटर चालवण्याची सवय आणि परवाना असेल, तर हा प्रश्नच उरत नाही.

जॉर्ज टाउनला हा विचार मनात आलाच नाही. तिथे बहुतेक सगळे लोक जुन्या गावातच राहतात, कारण गावाच्या मानाने किनारा काही विशेष नाही. जेड सम्राटाची पूजा आटोपून च्यू धक्क्यावरून निघाले की रात्री एक वाजतासुद्धा खोलीवर पायी जाता येते, वाटेत खाण्याच्या गाड्या चालू असतात, आणि कोणाशी भावावरून बोलावे लागत नाही. किनाऱ्यावर जायचेच असेल तर बातू फेरिंगीपर्यंत १०१ क्रमांकाची बस आहे. ती तीनएक रिंगिटमध्ये नेते, आणि रात्रीही बऱ्याच उशिरापर्यंत परत आणते. थाईपुसमला रस्ते बंद होतात तेव्हा मात्र बराच वेळ चालावे लागते. पण तेव्हा सगळे गावच चालत असते.

यावर कोणी म्हणेल की फुकेतलाही गावातच खोली घ्यावी, म्हणजे तक्रार संपली. म्हणणे खरे आहे. थलांग किंवा दिबुक रस्त्याजवळ राहिले तर मिरवणुका दारातून जातात. मग प्रश्न असा उरतो की किनारा वगळून फुकेत पाहायचे तर त्या गावात, सणाचे विधी सोडल्यास, किती दिवस मन रमेल. सोई रोमानीची रंगीत गल्ली, थाई हुआ संग्रहालय, रविवार संध्याकाळचा थलांग रस्त्यावरचा बाजार, ओ-एव नावाचे बर्फाचे गोड, हे सगळे दोन दिवसांत मनसोक्त होते. जॉर्ज टाउनचा जुना भाग त्याहून बराच मोठा आहे. २००८ मध्ये मलाक्काबरोबर त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा नुसता गाभ्याचा भागच सुमारे १०९ हेक्टर धरला होता. खू घराण्याचे कोंगसी म्हणजे कुळाचे सभागृह, निळा वाडा, धक्क्यांवरच्या वस्त्या पाहून झाल्या तरी नुसत्या गल्ल्या उरतातच.

जॉर्ज टाउनचे दोषही सांगायला हवेत. कमानींची पडवी सावलीसाठी बांधलेली आहे, पण तिच्यात मोटारसायकली, कुंड्या आणि दुकानाचा माल असतो आणि दर घराला पायरीची उंची बदलते, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांना तिचा फारसा उपयोग नाही. २०१२ मध्ये आर्मेनियन रस्त्यावर काढलेल्या सायकलवरच्या मुलांच्या भित्तिचित्रापुढे फोटोसाठी रांग लागते आणि त्या रस्त्याची मूळ शांतता गेली आहे. भाडेनियंत्रण कायदा उठल्यावर, २००० पासून, भाडी वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहणारी बरीच कुटुंबे गावाबाहेर गेली. त्यांच्या घरांची आता सुंदर हॉटेले झाली आहेत, आणि अशाच एका हॉटेलात राहून मी हे म्हणतो आहे, हेही लक्षात घ्यावे. फुकेत टाउनमध्ये मला अजून दुकानामागे राहणारी माणसे जास्त दिसली. तिथली सकाळ अधिक खरी वाटते.

खाण्याबाबत शाकाहारी माणसासाठी उत्सवातले फुकेत अतुलनीय आहे. पिवळ्या निशाणाखाली मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण काहीच नसते आणि पदार्थांची विविधता थक्क करणारी असते. मात्र दूधही वर्ज्य असल्याने त्या दुकानांत दुधाचा चहा मिळणार नाही, आणि उत्सव संपताच सगळ्यात फिश सॉस परत येतो. जॉर्ज टाउनच्या प्रसिद्ध गाड्यांवर शाकाहाऱ्याला फारसे काही नाही, कारण चार क्वे तिआवपासून आसाम लाक्सापर्यंत कोळंबी किंवा मासळी कुठेतरी असतेच. पण लिटल इंडियात केळीच्या पानावरचा भात वर्षभर मिळतो, आणि मला तेवढे पुरले.

हवामान दोन वाक्यांचे आहे. फुकेतचा उत्सव पावसाच्या शेवटच्या जोरात येतो आणि मिरवणूक भिजते. पेनांगचा जानेवारी-फेब्रुवारी कोरडा असतो, पण दुपारचे ऊन नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या डांबरावरून परत अंगावर येते, म्हणून रथाबरोबर पहाटे किंवा अंधार पडल्यावर चालावे.

जॉर्ज टाउनला जाणाऱ्यांनी शक्य असल्यास क्वालालंपूरहून रेल्वेने बटरवर्थला यावे आणि तिथून फेरीने बेटावर उतरावे. पूल दोन आहेत, पण जुने गाव पाण्याकडून पाहायला मिळते ते फेरीतूनच. खोली लिटल इंडिया आणि धक्के यांच्या मधल्या गल्ल्यांत घ्यावी, आणि नववर्षाच्या पंधरवड्यासाठी ती काही महिने आधी ठरवावी. एवढे वाचूनही ज्यांचे मन फुकेतकडेच ओढ घेत असेल, आणि मा सोंगांची ती मिरवणूक जगात दुसरीकडे त्या प्रमाणात दिसणार नाही हे लक्षात घेता त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, त्यांनी उत्सवाचे दिवस गावात आणि नंतरचे दिवस किनाऱ्यावर अशी विभागणी करावी, म्हणजे रात्रीच्या टुकटुकशी संबंधच येणार नाही. पांढरे कपडे इथूनच न्यावेत, फटाक्यांसाठी कानात घालायला बोळे आणि डोळ्यांना साधा चष्मा ठेवावा, आणि घरात सुतक असेल किंवा कोणी गरोदर असेल तर तिथल्या रिवाजाप्रमाणे विधींपासून दूर राहावे.